मुलींनाही मैदान हवे

या पानावर मी एरवी परीक्षा, शिस्त आणि हजेरी यांविषयी लिहितो. या वेळी फुटबॉलविषयी, आणि तेही मुलींच्या फुटबॉलविषयी लिहीत आहे. वडील सैन्यात असल्याने माझे पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा माझ्या मराठीत कुठे हिंदी डोकावली तर नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.

गेल्या जूनमध्ये आपण मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलींचा फुटबॉल सुरू केला. पहिल्या दिवशी चौदा मुली आल्या. दिवाळीच्या सुटीनंतर आठच राहिल्या. त्याच सुमारास आठवीतल्या एका मुलीचे वडील मला भेटायला आले. म्हणाले, "सर, पोरगी आता मोठी झाली की हो. खेळ पुरे. शाळा तेवढी नीट होऊ दे." मी मान डोलावली. एका शब्दानेही विरोध केला नाही, की कारण विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, माझं काय चुकलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिचे काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते माझे. हा लेख त्यामुळेच लिहावासा वाटला.

हिंदीत एक जुनी म्हण आहे. तिचा अर्थ असा, की जो लिहितो-वाचतो तो नवाब होतो आणि जो खेळतो-बागडतो तो वाया जातो. आपल्याकडेही हाच समज आहे, आणि मुलींच्या बाबतीत तर तो दुप्पट आहे. म्हणून आधी आपल्या शेजारचेच उदाहरण पाहू. संकेश्वरवरून गडहिंग्लजला ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना त्या गावाचे फुटबॉलवेड ठाऊक आहे. त्याच गडहिंग्लज तालुक्यात बेकनाळ नावाचे गाव आहे. तिथल्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राच्या संघातून फुटबॉल खेळल्या. पुढे त्या प्रशिक्षक झाल्या. फुटबॉल प्रशिक्षकाचे लायसन्स पायरीपायरीने मिळते. आधी डी, मग सी, मग बी, मग ए. प्रत्येक पायरीला अभ्यासक्रम असतो आणि परीक्षा असते. अंजूताईंनी आशियाई महासंघाचे ए लायसन्स मिळवले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलचा विभाग त्यांनी प्रमुख म्हणून सांभाळला आणि नंतर गोव्याच्या धेंपो क्लबात नव्या खेळाडूंच्या जडणघडणीचे काम पाहिले. बेकनाळ आपल्या बेळगुंदीसारखेच शेतीवाडीचे गाव आहे. खेळामुळे त्यांचे शिक्षण थांबले नाही. उलट खेळामुळेच त्यांना पुढे शिकावे लागले.

आता संपूर्ण आयुष्य खेळाडू म्हणून घालवणारी स्त्री कशी घडते, तेही पाहू. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी यांचा जन्म १९८० सालचा, इंफाळचा. मुलींना खेळायला संघच नव्हता, म्हणून लहानपणी त्या मुलांत मुलाचे नाव सांगून खेळत. १९९५ साली, म्हणजे आपल्या दहावीच्या मुलींच्या वयात, त्या भारताच्या संघात आल्या आणि २०१६ पर्यंत देशासाठी खेळल्या. दीर्घकाळ कर्णधार होत्या. २०१७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०२० साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याआधी अर्जुन पुरस्कार मिळालेली एकच महिला फुटबॉलपटू होती, बंगालच्या शांती मलिक. तो पुरस्कार १९८३ सालचा. दोन पुरस्कारांच्या मध्ये चौतीस वर्षे गेली.

या चौतीस वर्षांत गुणी मुली जन्मल्याच नाहीत असे कोण म्हणेल? १९८० च्या सुमारास आपल्या महिला आशिया खंडात उपविजेत्या ठरल्या होत्या. त्या काळच्या भारतीय संघात आपल्या शेजारच्या गोव्याच्या योलांडा डिसोझा होत्या. उणीव होती ती व्यवस्थेची. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली आणि महिलांची २०१७ च्या आसपास. म्हणजे बेमबेम देवींच्या उमेदीच्या काळात पैसे घेऊन खेळावे अशी राष्ट्रीय लीग त्यांना आपल्या देशात मिळालीच नाही. २०१४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्या मालदीवमधील क्लबाकडून खेळायला गेल्या. त्यांच्याच राज्यातील बाला देवी यांना २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबाने करारावर घेतले. तोवर त्या एकोणतीस वर्षांच्या झाल्या होत्या आणि मणिपूर पोलिसात नोकरी करत होत्या.

इंग्लंडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९२० च्या नाताळात लिव्हरपूल शहरात कारखान्यातील कामगार मुलींचा फुटबॉल सामना पाहायला ५३ हजार लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठरवले की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि आपल्या क्लबांना त्यांची मैदाने महिलांना देण्यास मनाई केली. ही मनाई जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. पाहा, मुलींना कोणी खेळू नका म्हटले नव्हते. फक्त मैदान काढून घेतले, आणि तेवढे पुरेसे झाले.

म्हणून माझे मत असे आहे की मुलीच्या खेळाचा निर्णय तिच्या पायांपेक्षा आपण मोठी माणसेच जास्त करतो. तोही ती बारा-चौदा वर्षांची असताना, आणि पुष्कळदा न बोलता करतो.

पालकांना मी खोटी आशा दाखवणार नाही. फुटबॉल खेळून सगळ्या मुलींचे पोट भरेल असे मी म्हणत नाही. २०२३ साली महासंघाने ठरवले की महिला लीगमधील संघांनी निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा. म्हणजे महिन्याला साधारण २६-२७ हजार. ही रक्कम फार मोठी नाही, आणि तिथवर पोहोचणाऱ्या मुली थोड्याच. शिवाय दुखापत झाली तर एक-दोन वर्षे सहज जातात. म्हणूनच दहावी, बारावी आणि पदवी सोडू नका असे मीच सांगेन. पण पोलीस, रेल्वे, क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, पंच असे कितीतरी रस्ते या खेळातून फुटतात. २०२५ साली भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. त्या संघातल्या मुलीही कधीतरी आठवीत होत्या.

आता त्या मुलीच्या वडिलांकडे परत येतो. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर ते मोकळेपणाने बोलले. त्यांना फुटबॉलचे वावडे नव्हतेच. खेळ संपेपर्यंत अंधार पडतो, घर शेतात आहे, वाटेत दिवा नाही, आणि पोरगी एकटी येते. एवढेच कारण होते! ते मी त्याच दिवशी विचारले असते तर उपाय तेव्हाच सापडला असता. आपण "नको" हा शब्द ऐकतो आणि त्यामागचे कारण विचारायचे राहून जाते.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे. येत्या जूनपासून आठवड्यातून दोन दिवस शेवटच्या दोन तासिका मुलींच्या खेळासाठी राखाव्यात, म्हणजे मुली उजेडात घरी पोहोचतील. त्या वेळी संपूर्ण मैदान त्यांचे असावे, मुलांचे क्रिकेट एका कडेला आणि मुली दुसऱ्या कडेला असे नको. कपडे बदलायला एक बंद खोली द्यावी आणि सोबत एक शिक्षिका असावी. याला खर्च फारसा नाही.

पालकांना विनंती एवढीच, की मुलीचा खेळ बंद करण्यापूर्वी एकदा मला येऊन कारण सांगा. मीही विचारल्याशिवाय यापुढे मान डोलावणार नाही.

आणि मुलींनो, ती मुलगी जानेवारीपासून पुन्हा मैदानावर येत आहे. तिच्या वाटेवरच्या आणखी दोघी आता तिच्यासोबत खेळतात आणि तिघी मिळून घरी जातात. उरलेल्यांनीही यावे. चेंडू शाळेकडे आहेत.

आपला,
मुख्याध्यापक