श्रेणी कोणाला द्यावयाची?

आधुनिक भौतिकशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम बहुधा मायकेल्सन आणि मोर्ले ह्यांच्या १८८७ च्या प्रयोगापासून सुरू होतो. प्रकाश दोन काटकोनी वाटांनी धाडावयाचा, आरशांवरून परत आणावयाचा आणि दोहोंच्या मिलाफातून उमटणारे पट्टे पाहावयाचे. ह्याच तत्त्वावरील, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यासाठी आखलेली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्याच्या मातीत गुरुत्वीय लहरी मोजल्या जाणार, ह्याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु शेजारच्या परभणी जिल्ह्यात, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्याहून कॉलेजला ये-जा करणाऱ्या मुलाला ते पट्टे फळ्यावरील आकृतीबाहेर कधी दिसतात काय?

परभणी जिल्हा ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो, ते १९९४ साली स्थापन झाले. तेथे काय किंवा राज्यातील अन्य विद्यापीठांत काय, अपेक्षांचा तक्ता देखणा असतो : श्रेयांक, तासिका, प्रात्यक्षिके, अंतर्गत मूल्यमापन आणि शेवटी ‘ओ’पासून ‘एफ’पर्यंतची श्रेणी. ह्या तक्त्यात विद्यार्थ्याची कर्तव्ये तपशीलवार आहेत. संस्थेच्या कर्तव्यांना मात्र श्रेणी नाही! राज्यातील वरिष्ठ महाविद्यालयांत हजारो अध्यापकपदे रिक्त ठेवावयाची, तासिका तत्त्वावरील माणसाच्या तुटपुंज्या मानधनावर श्रोडिंगरचे समीकरण उरकावयाचे, आणि ते न समजल्याचा डाग मुलाच्या गुणपत्रिकेवर उमटवावयाचा, ह्याला मूल्यमापन म्हणत नाहीत.

हजेरीचेच पाहा. सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, पाठोपाठ कापसाची वेचणी. आणि हिवाळी सत्राची परीक्षाही त्याच सुमारास. ज्याच्या घरी मजूर लावण्याची ऐपत नाही, त्याची ७५ टक्के हजेरी कोठे गळते हे कोणाही शेतकऱ्याला विचारावे. ह्याच मुलाने दहावीपर्यंत विज्ञान मराठीत वाचलेले असते. आता प्रश्नपत्रिका इंग्रजी. मग तो सिद्धता पाठ करतो, आणि परीक्षाही नेमकी पाठांतराचीच मागणी करते. त्यातून सापेक्ष श्रेणी लावली, म्हणजे वर्गातील इतरांच्या तुलनेत गुण वाटले, तर शेजाऱ्याचे अपयश हेच आपले भांडवल ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचना निरपेक्ष पद्धतीलाही वाव देतात. तेव्हा नियमांकडे बोट दाखवू नये.

‘दर्जा घसरेल’ ही ओरड आम्हांस ठाऊक आहे. मेघनाद साहा हे एका खेड्यातील लहान दुकानदाराचे पुत्र. त्यांनी आणि सत्येंद्रनाथ बोस ह्यांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरील निबंध इंग्रजीत आणले. ते १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. पुढे १९२४ मध्ये बोसांनी ढाक्याहून आइन्स्टाइनला जो शोधनिबंध पाठविला, त्यातून पुंजयामिकीची एक शाखा निघाली. हेच बोस पुढे विज्ञान बंगालीत शिकविण्यासाठी झटले आणि १९४८ मध्ये त्यासाठी त्यांनी परिषद स्थापन केली. मातृभाषेने दर्जा बुडतो म्हणणाऱ्यांनी बोसांना कोणती श्रेणी दिली असती?

साधने नाहीत, ही सबबही पूर्ण खरी नाही. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा असे चार एलईडी दिवे, एक बॅटरी, एक चढउतार करणारा रोध आणि एक मल्टिमीटर घ्यावा. प्रत्येक दिवा कितव्या व्होल्टला उजळू लागतो ते टिपावे आणि प्रकाशाच्या वारंवारतेशी त्याचा आलेख काढावा. रेषेच्या चढावरून प्लांकच्या स्थिरांकाचा अजमास मिळतो. उत्तर नेमके येत नाही. आणि ते का येत नाही, हे मुलाने लिहिणे हीच त्याची खरी परीक्षा. जर्नलात मागील वर्षाची आकडेवारी उतरविण्याचा धंदा त्याने आपोआप बंद पडेल.

म्हणून मागणी अशी : प्रत्यक्ष झालेल्या प्रयोगालाच अंतर्गत गुण, सूत्रांचा तक्ता हाती देऊन विचाराचे प्रश्न, उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा, सुगीत बुडालेल्या प्रात्यक्षिकांसाठी राखीव दिवस. आणि ज्या महाविद्यालयात विषयाचा पूर्णवेळ अध्यापक नाही, त्याच्या निकालपत्रावर मुलांच्या श्रेणीशेजारीच ते रिक्त पद ठळक अक्षरांत छापावे.