सायकल डोंगराची, की फक्त उताराची?

सोनगीरचा किल्ला तसा बसका. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर गाव लागते आणि गावाला लागून जी टेकडी दिसते, तोच किल्ला. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर नाव असलेल्या या गावातून पायी वर जायला अर्धा तासही लागत नाही. रविवारी सकाळी धुळ्याहून इथवर सायकल मारून, चहा पिऊन परतणारे आता नवलाचे राहिलेले नाहीत. डांबरी रस्त्याचा कंटाळा आला की त्यांच्यातल्या एखाद्याची नजर टेकडीच्या पायथ्याच्या मुरमाड वाटांकडे वळते. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहून होतात, एन्ड्युरो आणि डाउनहिल ही दोन नावे कानावर येतात, आणि प्रश्न उभा राहतो की यांतली घ्यायची कोणती.

दुकानात याचे उत्तर मिलिमीटरमध्ये मिळते. सस्पेन्शन किती दबते, चाक किती वर-खाली हलते, त्यावर सायकलीची इयत्ता ठरते. जितके मिलिमीटर जास्त तितकी सायकल खडबडीत जमिनीवर सुरक्षित, असा सरळ हिशेब. दवाखान्याच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब चुकीचा आहे, आणि चूक हाडांना भोवणारी आहे.

आधी फरक समजून घेऊ. डाउनहिल सायकल फक्त उतरण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पुढच्या चिमट्याचे सस्पेन्शन सुमारे २०० मिलिमीटर दबते, चिमट्याच्या दोन्ही नळ्या मोटरसायकलसारख्या हँडलपर्यंत वर गेलेल्या असतात, वजन १५ ते १८ किलो, गियर बहुधा सातच आणि तेही वेगाने उतरताना पायडल मारण्यापुरते. तिच्यावर बसून डोंगर चढणे जवळजवळ अशक्य. परदेशात स्पर्धकांना रोपवेने किंवा गाडीने माथ्यावर नेतात आणि तीन-चार मिनिटांत शर्यत संपते. एन्ड्युरोचे सस्पेन्शन साधारण १५० ते १८० मिलिमीटर. मागे बारा गियर, सर्वांत मोठे चक्र जेवणाच्या ताटलीएवढे, आणि हँडलवरचे बटण दाबले की खाली-वर होणारी सीट. एन्ड्युरोच्या शर्यतीतही वेळ मोजतात ती बहुतेक उताराचीच, पण दोन उतारांमधला चढ बहुतांशी स्वतःच्या पायांनी, ठरलेल्या मुदतीत चढावा लागतो.

या खेळाचा उगमच मुळी उतारावर झाला. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली ट्रकमधून डोंगरावर नेत आणि खाली सोडत. त्या शर्यतीचे नाव ‘रीपॅक’. मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस उतारावर जळून जाई, ते दर फेरीनंतर नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतच दुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तीत डाउनहिल होते. एन्ड्युरोची जागतिक मालिका त्यामानाने अलीकडची, २०१३ ची. ऑलिंपिकने मात्र १९९६ पासून माउंटन बाइकचा एकच प्रकार घेतला, क्रॉस कंट्री. त्यात चढ आणि उतार दोन्ही दमाने पार करावे लागतात. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले तेही याच प्रकारात. तिची सायकल डाउनहिलच्या शेजारी ठेवली तर काडीपैलवान वाटेल.

आता मुद्द्याकडे. सस्पेन्शनमुळे खड्डा नाहीसा होत नाही, तो जाणवेनासा होतो. ज्या दगडांवरून साध्या सायकलने ताशी १५ किलोमीटरने जाताना दात वाजतात, त्याच दगडांवरून जाड सस्पेन्शनची सायकल ३० ने अलगद निघून जाते. माणूस तेवढ्याच भीतीत दुप्पट वेगाने जातो. इजा मात्र वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, वेग दुप्पट झाला तर शरीराला सोसावी लागणारी ऊर्जा चौपट. ताशी २० किलोमीटरच्या वेगात जी ऊर्जा असते ती दीड मीटरवरून, म्हणजे ओट्यावरून पडण्याएवढी. ३० ला साडेतीन मीटर. ४० ला सव्वासहा मीटर, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून. पडणारा नशीबवान असेल तर घसरत जातो आणि ही ऊर्जा कातडी सोलण्यात खर्च होते. समोर दगड किंवा बाभळीचे खोड आले तर ती सगळी एका हाडावर येते. सायकलीचे २०० मिलिमीटर त्या क्षणी सायकलीपाशीच राहतात. माणसाच्या मानेला सस्पेन्शन नसते.

त्यात खानदेशची जमीन. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात, त्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत लाव्हा घुसून थिजला, भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि या भिंती उघड्या पडल्या. देखावा सुंदर आहे, पण सायकलवाल्याची गाठ पडते ती झिजलेल्या खडकाशी, म्हणजे मुरमाशी. घट्ट दगडावर पसरलेला सुटा मुरूम हा चाकाखाली बेअरिंगच्या गोळ्यांसारखा वागतो. वळणावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की पुढचे चाक निसटते आणि स्वार खांद्यावर आपटतो. इथे चिमटा १०० मिलिमीटर दबतो की २००, याचा काही संबंध उरत नाही. काम असते टायरच्या पकडीचे, ब्रेकवरच्या बोटाचे आणि वेगाचे. मोठमोठ्या शिळांवरून भरधाव जाण्यासाठी पुढचे चाक लांब काढलेली डाउनहिल सायकल अशा आखूड, वळणावळणाच्या, हळू वाटेवर उलट जड होते, हँडल एका बाजूला कलंडू पाहते. पावसाळ्यात काळी माती चाकांना असा लपेटा घालते की चाक फिरणेच थांबते; त्या दिवसांत सायकल घरी बरी. आणि बारमाही बाभळीचे काटे आहेतच. ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवणारा द्रव घालून घेण्यावर झालेला खर्च इथे कुठल्याही सस्पेन्शनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आरोग्याचा खरा लाभ तर चढात आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगते. सोनगीर-लळिंगच्या टेकड्यांवर दोन-तीन चढ चढले की यातला चांगला वाटा पदरात पडतो. मांड्या, हृदय, फुप्फुसे, रक्तातली साखर, सगळ्यांना तो चढ लागतो. उतारावरही छाती धडधडते, पण त्यात भीतीचा आणि हँडल आवळून धरण्याचा भाग मोठा. डाउनहिल सायकल चढ काढून घेते आणि उतार वाढवून देते. औषध फेकून फक्त दुष्परिणाम ठेवावेत, असा हा सौदा. शिवाय आपल्याकडे ना रोपवे ना सायकल नेणारी गाडी. १७ किलोची सायकल ढकलत टेकडीवर नेणारा तरुण दुसऱ्या फेरीला येत नाही.

म्हणजे एन्ड्युरो घ्यावी का? दोघींतच निवडायचे तर निःसंशय एन्ड्युरो. सातपुड्यात तोरणमाळच्या बाजूला, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ती शोभेल. पण सोनगीरच्या टेकडीला खरे तर तीही जास्त होते. पुढे-मागे १२० ते १४० मिलिमीटर सस्पेन्शनची ट्रेल सायकल, किंवा फक्त पुढे सस्पेन्शन असलेली चांगल्या ब्रेकची हार्डटेल, इथे पुरते. सस्पेन्शन अगदी नकोच असे म्हणणेही बरोबर नाही. हादरे सतत तळहातावर येत राहिले तर तिथली नस दबून करंगळी आणि अनामिका बधिर होतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांच्या मानेला आणि कमरेलाही थोडी गादी हवीच. त्यांनी ती घ्यावी आणि वेग आहे तोच ठेवावा.

बाजारात याहून मोठा धोका वेगळाच आहे. चांगल्या कंपनीची पूर्ण सस्पेन्शनची सायकल लाखांच्या घरात जाते, म्हणून पोराच्या हट्टापायी घरात येते ती काही हजारांची ‘डबल शॉकर’. दिसायला ती डाउनहिलच. मागे लाल रंगाची जाड स्प्रिंग असते, पण स्प्रिंगला आवरणारा तेलाचा दांडा नसतो. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते आणि मागचे चाक, त्याच्याबरोबर स्वाराला, पुढे उडवते. जोडीला कमजोर ब्रेक आणि जड फ्रेम. ही सायकल गावातल्या रस्त्यावर फिरवावी. तिने टेकडी उतरणे म्हणजे मोडलेल्या बाजेवर उड्या मारणे. तेवढ्याच पैशांत साध्या दणकट चिमट्याची सायकल येते, ती अधिक भरवशाची.

वाचलेले पैसे हेल्मेटला द्यावेत. हेल्मेटमधला फेस एकदा दबला की संपला, म्हणून एक जोरदार आदळणे झाल्यावर ते बदलावे लागते, वरून कितीही धड दिसले तरी. वेगाने उतरायचेच असेल तर हनुवटी झाकणारे हेल्मेट हवे. अमेरिकेतले एएसटीएम एफ-१९५२ हे मानक खास डाउनहिलच्या हेल्मेटसाठी आहे. मोटरसायकलचे हेल्मेट चालेल का, असे विचारले जाते. आपटण्यापासून ते वाचवील, पण चढताना डोके शिजेल. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. बंद हेल्मेट, छातीला आणि गुडघ्यांना कवच, त्यात घाम वाळायला जागाच राहत नाही आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. चढताना गरगरणे, घाम थांबणे, बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत; सोबत्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचे आणि दवाखाना गाठायचा. हनुवटीची पट्टी चढावर काढून ठेवता येते अशी हेल्मेटे मिळतात, आपल्या हवेला तीच सोयीची. नऊच्या आत परतणे त्याहून सोयीचे.

एक विनंती किल्ल्यासाठीही. वरच्या तटाचे उरलेले दगड आणि ती खोल विहीर सायकलसाठी बांधलेली नाही. चाके पायथ्याच्या वाटांवर ठेवावीत, किल्ला पायी चढावा. विहिरीच्या काठाशी ब्रेकची परीक्षा घेण्याचे कारण नाही.

इतके सांभाळूनही पडणारे पडतात. सोबत कुणी असावे आणि घरी वाट सांगून निघावे, कारण १०८ ची रुग्णवाहिका, जी महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत मिळते, महामार्गापर्यंत येईल. टेकडीच्या ओघळीत पडलेल्याला शोधत येणार नाही. मान दुखते किंवा हातापायांना मुंग्या येतात असे जखमी सांगत असेल तर त्याला उठवून बसवू नये, हेल्मेट ओढून काढू नये. शुद्ध काही क्षण हरपली, उलटी झाली, तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारू लागला तर धुळ्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठावे, घरी झोपवून वाट पाहू नये. हँडलचे टोक पोटात बसले असेल तर वरून साधा वळ दिसतो आणि आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. पोटदुखी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाढते. पोरांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण ओरडा बसेल म्हणून ती पडल्याचे सांगतच नाहीत.

हासळीचे हाड मोडते ते दिसते, कळते, बहुधा झोळीत हात ठेवून जुळतेही. फसवते ते मनगट. पडताना माणूस तळहात पुढे करतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड तडकते. सूज थोडी, दुखणे सोसण्याजोगे, पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. मुरगळले म्हणून हाडवैद्याकडे चोळून घेतले जाते. या हाडाला रक्त एका टोकाकडून मिळते, त्यामुळे हलत राहिले तर ते जुळत नाही, दुसरे टोक वाळते आणि काही वर्षांनी ऐन कामाच्या वयात मनगट कायमचे दुखरे होते. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जी खळगी पडते, तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे चांगला असला तरी हात प्लॅस्टरमध्ये ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी फोटो पुन्हा काढतात. तोवर ते मनगट कुणाला चोळू देऊ नये.