थर्माकोलचे धरण आणि हापशाची वही

दरवर्षी दिवाळी सरली की तालुक्यातालुक्यात विज्ञान प्रदर्शने भरू लागतात. फीत कापली जाते, पुढाऱ्यांची भाषणे होतात, आजचा विद्यार्थी हाच उद्याचा शास्त्रज्ञ असे न चुकता सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बक्षीस वाटपाचा फोटो येतो. मात्र या प्रदर्शनात संशोधन किती असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो आंबेडकरी समाजाने विचारला पाहिजे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या वस्तीतल्या लेकरांशी आहे.

काही वर्षांपूर्वी शिरूर अनंतपाळ तालुक्यात अशाच एका प्रदर्शनाला जाण्याचा योग आला. शाळेचे नाव सांगत नाही, कारण तिथे जे घडले ते कोणत्याही शाळेत घडते. टेबलावर थर्माकोलची धरणे होती, खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी होते, बाजारातून विकत आणलेले विजेचे संच होते. एका कोपऱ्यात नववीतली एक मुलगी शंभर पानी वही घेऊन उभी होती. आदल्या दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज सकाळी वस्तीतल्या हापशावर घागर भरायला किती हापसे मारावे लागतात, हे तिने तारीखवार लिहून ठेवले होते. येळवशीपर्यंत आकडा फारसा हलला नव्हता. त्यानंतर तो चढत गेला आणि शिमग्याला दुपटीवर पोचला. परीक्षक आले, त्यांनी विचारले, "मॉडेल कुठाय?" ती म्हणाली, "सर, मॉडेल नाही. वही आहे." परीक्षक पुढे गेले. बक्षीस थर्माकोलच्या धरणाला मिळाले.

ज्या तालुक्यात घरणी आणि साकोळ ही दोन मध्यम धरणे खरोखरची आहेत, तिथे खोट्या धरणाला बक्षीस मिळते आणि खऱ्या पाण्याचा हिशेब ठेवणारी मुलगी रिकाम्या हाताने घरी जाते. याला कोण जबाबदार? एकटे परीक्षक नव्हेत. त्यांनाही कोणी सांगितलेले नाही की संशोधन म्हणजे वस्तू नव्हे. ज्याचे उत्तर आधी कोणालाच ठाऊक नाही असा प्रश्न घ्यायचा, मोजून त्याचे उत्तर शोधायचे आणि ते उत्तर दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने मांडायचे, याला संशोधन म्हणतात. थर्माकोलच्या धरणाचे उत्तर पुस्तकात छापलेले आहे. त्या हापशाचे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही.

ते सरकार दरबारीही नव्हते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी साधारणपणे वर्षातून चार वेळा मोजते. शास्त्रीयदृष्ट्या ते काम मोलाचे आहे, पण चार नोंदींच्या मधल्या दिवसांत एखाद्या वस्तीचे पाणी नेमके कोणत्या आठवड्यात तुटले, हे त्यातून कळत नाही. आपल्याकडे काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कातळ आहे, पाणी त्याच्या भेगांत असते. म्हणून एका बोअरला पाणी आणि शंभर पावलांवरचा बोअर कोरडा, असे घडते. गावाचे पाणी आणि वस्तीचे पाणी एकच असेल असे नाही. हे रोजच्या रोज मोजणारी त्या गावात एकच व्यक्ती होती आणि ती नववीत शिकत होती.

मी पेशाने वकील आहे. पुरावा समोर आला की उलटतपासणी घेण्याची सवय आहे. म्हणून त्या मुलीच्या वहीचीही उलटतपासणी घेऊ. पाण्याची पातळी पंपाच्या नळकांड्यापर्यंत उतरली की हापसे वाढतात, हे खरे. पण आतले वायसर झिजले तरी हापसे वाढतात. मग वाढ पाण्याची की वायसरची? हापसणारे हात रोज तेच होते का? घागर तीच होती का? या शंकांना उत्तरे आहेत. जवळच्या आडात दोरीला दगड बांधून सोडायचा, दोरी किती भिजली नाही ते आठवड्यातून एकदा मोजायचे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. दुसऱ्या हापशावर तशीच नोंद ठेवायची. वायसर बदलल्याची तारीख लिहायची. एवढे सांगणारा एक मार्गदर्शक त्या मुलीला मिळाला असता तर ती वही तालुक्याच्याच काय, देशाच्या व्यासपीठावर उभी राहिली असती. तिच्याकडे प्रश्न होता, चिकाटी होती, प्रामाणिकपणा होता. नव्हता तो फक्त मार्गदर्शक.

पुराव्याची ताकद आपल्या समाजाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला खटला आपण विसरतो. अस्पृश्यांनी तळ्यावर येऊ नये ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असा स्पृश्यांचा दावा होता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी रूढी पुराव्याने सिद्ध झालेली नाही. शेकडो वर्षांचा मानला गेलेला अधिकार पुराव्याच्या कसोटीवर टिकला नाही. त्याच बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचविशीत होते. ज्या गोष्टीचे चटके सोसले तीच गोष्ट त्यांनी अभ्यासाचा विषय केली. हापसा मारणाऱ्या मुलीने हापशाचा अभ्यास करणे ही त्याच परंपरेतली गोष्ट आहे. तथागतांनीही कालामांना हेच सांगितले होते की परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या.

आता शासनाच्या योजनांकडे वळू. योजना नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू केली. १० ते १७ वयाच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न निवडून त्यावर प्रकल्प करायचा आणि जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्यांनी तो मांडायचा, अशी तिची रचना आहे. महाराष्ट्रात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने अनेक वर्षे तिचे समन्वयन केले. ही कल्पना उत्तम आहे. हापशाची वही जिथे जायला हवी होती ती हीच जागा. पण आपल्या भागातील किती पालकांनी तिचे नाव ऐकले आहे?

दुसरी योजना इन्स्पायर पुरस्काराची. २००९-१० पासून ती चालू आहे. नंतरच्या मानक स्वरूपात निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात दहा हजार रुपये जमा होतात. यात भर कल्पनेवर आणि उपकरणावर आहे. उपकरण करणे वाईट नाही, पण सहा महिने शांतपणे मोजत बसणाऱ्या मुलासाठी त्यात जागा अपुरी आहे. तिसरी योजना अटल टिंकरिंग लॅबची. २०१६ पासून शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान देऊन देशात दहा हजार लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. या योजनेने सपाट भागातल्या शाळेकडे दीड हजार चौरस फूट जागा मागितली होती. ज्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसतात, तिने ही जागा कुठून आणायची? अट कागदावर सर्वांना सारखी असते. तिचा परिणाम मात्र सारखा नसतो, हे आरक्षणाची लढाई लढलेल्या समाजाला समजावून सांगावे लागू नये.

लातूर म्हटले की लोक लातूर पॅटर्नचे नाव घेतात. त्या पॅटर्नने अनेक गरिबाघरच्या मुलांना डॉक्टर, इंजिनिअर केले, त्यात आपलीही मुले आहेत आणि त्याचा अभिमान आहे. परंतु पॅटर्नने मुलांना चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर निवडायला शिकवले. पाचवा पर्याय शोधायला शिकवले नाही. आठवी-नववीपासून नीटचे क्लास लागतात आणि मुलाचा प्रत्येक प्रश्न 'हे परीक्षेला आहे का' या एका वाक्यावर येऊन थांबतो. २०२४ साली नीटमधील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. शिक्षण म्हणजे फक्त गुण, असे ठरले की गुण विकत घेण्याचा बाजारही उभा राहतो.

हाच बाजार आता संशोधनातही शिरला आहे. परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी शाळकरी वयातच नावावर शोधनिबंध असावा, म्हणून भरपूर पैसे घेऊन मार्गदर्शन करणारे व्यावसायिक मोठ्या शहरांत आणि परदेशात तयार झाले आहेत. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे संशोधन, आणि ज्याच्याकडे प्रश्न आहे तो प्रदर्शनाच्या कोपऱ्यात! पूर्वी ज्ञानाचा मक्ता जन्माने मिळत होता, आता तो फी भरून मिळणार असेल तर बदलले काय?

खरे संशोधन पैशाने होत नाही, याचे दाखले जगात आहेत. १९६६ साली इंग्लंडमधील केटरिंगच्या एका शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन साध्या रेडिओ यंत्रावर सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकत होते. वेळांची काटेकोर नोंद करता करता त्यांच्या लक्षात आले की एका उपग्रहाचा मार्ग बैकोनूरच्या तळाशी जुळत नाही. त्यांनी गणित मांडले आणि प्लेसेत्स्क येथील गुप्त तळाचा शोध लागला. सोव्हिएत सरकारने तो तळ जाहीरपणे मान्य केला १९८३ साली! २०१० मध्ये इंग्लंडच्याच ब्लॅकॉटन या खेड्यातल्या प्राथमिक शाळेतील २५ मुलांनी, वय वर्षे आठ ते दहा, भुंग्यांवर केलेला प्रयोग रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध मुलांच्या भाषेत होता, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या. आपल्याकडेही पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातली मुले हाताने काम करून विज्ञान शिकू शकतात हे दाखवून दिले. एका शिरूरमध्ये होते ते दुसऱ्या शिरूरमध्ये का होऊ नये?

प्रश्नांची तर आपल्याकडे वाण नाही. अतिवृष्टी ठरवताना महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटर पाऊस ही मर्यादा धरली जाते आणि तो पाऊस मंडळातल्या केंद्रावर मोजला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला, तेव्हा मंडळाचा आकडा आणि आपल्या गावचा पाऊस एकच होता का? सरळ बाजूंची बाटली, एक मोजपट्टी आणि रोज सकाळी ठरलेली वेळ, एवढ्यावर प्रत्येक गावातली शाळा हे तपासू शकते. पिकाचा पंचनामा होतो, पण त्या पावसात शेतमजुराची किती दिवसांची मजुरी बुडाली, याचा पंचनामा कोण करतो? नववीचा वर्ग आपल्या वस्तीतल्या वीस घरांत दर शनिवारी जाऊन ते लिहू शकतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात आणि सिमेंटच्या छताखाली दुपारी तीन वाजता किती अंशांचा फरक असतो? दोन साधे तापमापक पुरेत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली. त्या आधीच्या वर्षांत गावोगाव अशा वह्या असत्या तर टंचाई येते आहे हे सांगायला रेल्वेची वाट पाहावी लागली नसती.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडतो. तालुका विज्ञान प्रदर्शनात निरीक्षण वहीचा स्वतंत्र विभाग असावा. तिथे मॉडेलची सक्ती नसावी, आणि प्रश्न, पद्धत व प्रामाणिक नोंद यांना गुण असावेत. चुकलेला प्रयोग प्रामाणिकपणे मांडणाऱ्यालाही गुण मिळावेत. भूजल, कृषी आणि महसूल खात्यांनी आपल्या गावाचे आकडे शाळांना मागताक्षणी द्यावेत. दिले नाहीत तर पालकांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, तो लिहून द्यायला आमच्यासारखे वकील आहेत. समाज कल्याणच्या वसतिगृहांत आणि निवासी शाळांत वर्षाला निदान एक प्रकल्प व्हावा आणि त्यावर नाव मुलांचेच असावे, साहेबांचे नव्हे.

शासनाकडे मागताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १४ एप्रिलला आपण डीजेवर किती खर्च करतो? प्रत्येक जयंती मंडळाने त्यातला दहावा हिस्सा बाजूला काढला तरी पर्जन्यमापक, तापमापक, मोजपट्टी आणि वह्या यांची पेटी प्रत्येक विहारात ठेवता येईल. चळवळीच्या बळावर प्राध्यापक, अभियंते, भूवैज्ञानिक झालेले आपले समाजबांधव लातूर-नांदेडला घरे बांधून राहतात. त्यांनी महिन्यातून एक रविवार गावाकडे यावे आणि त्या वहीची उलटतपासणी घ्यावी. भाषण नको, हार नको.

संविधानाच्या कलम ५१-अ (ह) ने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ज्याच्यावर कर्तव्य लादता, त्याला ते पार पाडण्याचे साधन देणे राज्याचे आणि समाजाचे काम आहे. ती नववीतली मुलगी आपले कर्तव्य करून बसली होती. पुढे तिचे काय झाले ते मी विचारले नाही, ही माझी चूक. त्या दिवशी परीक्षक पुढे गेले, तसाच मीही पुढे गेलो होतो. यंदाच्या प्रदर्शनात कोपऱ्यात वही घेऊन उभे असलेले लेकरू दिसले तर समाजबांधवांनो, तिथे थांबा, वही उघडा आणि पहिल्या पानापासून वाचा.

जयभीम!