'काही त्रास नाही ना?'

फेरतपासणीच्या ओपीडीत दुपारचे दोन वाजत आलेले असतात. बाहेर अजून पंचवीस-तीस केसपेपर ताटकळत असतात. मावशी टेबलावरून उतरून साडी सावरतात आणि आपण मान खाली घालून लिहिता लिहिताच विचारतो, "काही त्रास नाही ना?" त्या म्हणतात, "नाही, बरं आहे." आपण नोंद करतो: तक्रार नाही, रोग उलटल्याची चिन्हे नाहीत, सहा महिन्यांनी या.

त्या प्रश्नातले 'नाही ना' उत्तर आधीच देऊन टाकते. ज्या डॉक्टरांनी जीव वाचवला त्यांच्यासमोर, शेजारी मुलगा किंवा सून उभी असताना, आपल्याला संडासची घाई आवरत नाही हे कोणती बाई सांगेल? दुखणे अंगावर काढण्याची सवय तिला आयुष्यभराची असते. आपला प्रश्न ती सवय मोडत नाही, पक्की करतो.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात हे विशेष बोचते, कारण यातल्या बहुतेक जणी बऱ्या होतात. पाळी गेल्यानंतर अंगावरून जाऊ लागले की पुष्कळ जणी डॉक्टरांकडे येतात आणि रोग बऱ्याचदा पिशवीपुरताच असताना सापडतो. पुढे दहा, पंधरा, वीस वर्षे त्यांना जगायचे असते. ती वर्षे कशी गेली, हे आपल्या यशाच्या आकड्यात कुठेच उमटत नाही.

ते विचारले की काय होते, हे नेदरलँड्समधल्या चाचण्यांनी दाखवून दिले आहे. पोर्टेक-१ मध्ये ७१४ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटावर बाहेरून किरणोपचार दिले गेले. पाच वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. आयुर्मान मात्र वाढले नाही. त्यांतल्या हयात स्त्रियांना पंधरा वर्षांनंतर प्रश्नावली देण्यात आली, तेव्हा किरणोपचार घेतलेल्यांत लघवी न थांबणे, जुलाब आणि नकळत शौच होणे यांचे प्रमाण जास्त आढळले. रोजचे व्यवहारही त्यापायी आखडले होते. पोर्टेक-२ मध्ये ४२७ स्त्रियांत बाहेरून किरणोपचार आणि फक्त योनिमार्गातून ब्रेकीथेरपी यांची तुलना झाली. पाच वर्षांत योनिमार्गात रोग उलटण्याचे प्रमाण १.६ आणि १.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. पण ब्रेकीथेरपी घेतलेल्यांच्या आतड्याचा त्रास स्पष्टपणे कमी. मध्यम जोखमीच्या स्त्रियांवरचा उपचार त्यानंतर सौम्य झाला. त्यामागे पुनरावृत्तीचे आकडे होते, तशी त्या स्त्रियांनी भरून दिलेली उत्तरेही होती.

उदाहरणासाठी इतक्या दूर जायलाही नको. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या 'पार्सर' चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची होती, पण शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटावर किरण देण्याचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. जुन्या त्रिमितीय पद्धतीत तीन वर्षांत ४२.४ टक्के स्त्रियांना आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास झाला. प्रतिमानिर्देशित आयएमआरटीत तो २१.१ टक्क्यांवर आला. हा फरक ज्या बाईला बसमधून चार तासांचा प्रवास करून लेकीकडे जायचे असते, तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

केमोचेही असेच. पोर्टेक-३ मध्ये किरणोपचारासोबत केमो घेतलेल्यांपैकी २५ टक्के स्त्रियांच्या हातापायांना दोन वर्षांनंतरही बऱ्याच मुंग्या किंवा बधिरपणा होता. नुसते किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के. आपण त्याला 'न्यूरोपॅथी' म्हणून मोकळे होतो. तिला सुईत दोरा ओवता येत नसतो, तांदूळ निवडताना खडा बोटांना लागत नसतो आणि चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नसते. त्यातच मधुमेह असेल, आणि या रुग्णांत तो पुष्कळदा असतो, तर एखादी जखमही तिच्या लक्षात येत नाही.

सर्वांत मोठे मौन शरीरसंबंधांविषयी आहे. किरणोपचारानंतर योनिमार्ग कोरडा पडतो, आखडतो. पाळी जाण्याआधीच अंडाशय काढले असतील तर भर पडते. संबंधातून रोग नवऱ्याला लागेल किंवा शेकाची उष्णता बाधेल, ही भीती काही घरांत आजही असते. डायलेटरचे नाव आपण शेवटच्या दिवशी घाईत घेतो आणि पन्नाशीपुढच्या बाईला किंवा विधवेला तर सांगतही नाही. पुढची तपासणी वेदनेशिवाय व्हावी म्हणूनही त्याचा उपयोग असतो, हे आपण विसरतो.

आणि एक अप्रिय गोष्ट. अमेरिकेतल्या नोंदींवरून असे दिसते की या स्त्रियांच्या मृत्यूचे पहिले कारण हृदयविकार आहे. त्यांचा कर्करोग नव्हे. ज्या स्थूलपणाने, मधुमेहाने, रक्तदाबाने रोगाला वाट करून दिली, ते तिघेही शस्त्रक्रियेनंतर घरातच मुक्कामाला असतात. 'पिशवी काढली की अंग सुटतंच' असे म्हणून घरचे तिला बसवून ठेवतात आणि आपण पोटाची जखम भरली की वजनाचा काटा विसरतो.

'इतके विचारायला वेळ कुठे आहे?' हा आक्षेप खरा आहे. पण वेळ कशावर जातो तेही पाहू. इटलीतील 'टोटेम' चाचणीत १८०० हून अधिक स्त्रियांत वरचेवर स्कॅन व रक्ततपासण्या आणि मोजकी देखरेख यांची तुलना झाली. जास्त तपासण्यांनी आयुष्य वाढले नाही, जीवनमानही सुधारले नाही. म्हणजे काही सीटी स्कॅनचा वेळ आणि पैसा बोलण्यासाठी मोकळा करता येईल.

युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची चोवीस प्रश्नांची ईएन-२४ प्रश्नावली याच रोगासाठी आहे. ती भरून घेणे रोज जमणार नाही. पण परिचारिकेने पुढचे पाच प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात:

"बाहेर पडताना आधी संडास कुठे आहे ते बघावं लागतं का? कधी कपडे खराब होतात का?"
"संध्याकाळी एका पायाची चप्पल किंवा जोडवी घट्ट होते का?"
"पायातून चप्पल निसटली तर कळते का?"
"मालकांजवळ जाता का? दुखतं का, की भीती वाटते?"
"रोज किती चालता? साखर आणि बीपी शेवटचं कधी बघितलं?"

प्रत्येक उत्तरावर आपल्या हाती काहीतरी आहे: आहारबदल आणि जुलाबावरची औषधे, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, सूज नवी असतानाच दाबमोजे, पायांची निगा, योनीसाठी ओलावा देणारे जेल, फिजिशियनला चिठ्ठी. यातले बहुतेक तालुक्याच्या ठिकाणी जमते. म्हणून हे काम मोठ्या केंद्रांवर सोडून चालणार नाही. बाई वर्षातून दोनदा तिकडे जाते, कुटुंबवैद्याकडे महिन्याला येते.

वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या फेरतपासणीला सोबतच्या माणसाला दोन मिनिटे बाहेर बसवा, पेन खाली ठेवा आणि प्रश्नातले 'नाही ना' गाळा. "काय त्रास होतो?" असे विचारा आणि केसपेपरवर उत्तराला चार ओळींची जागा ठेवा.