परका लांडगा

यलोस्टोनची ती रील तुम्हीही पाहिली असेल. बर्फ, भारदस्त आवाज, आणि लांडगे परत आल्यावर बदललेल्या नद्या. (नद्यांचं श्रेय लांडग्यांना किती द्यायचं यावर तिथल्या शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत, पण रीलमध्ये मतभेद मावत नाहीत.) त्या गोष्टीचा एक भाग आपल्यापर्यंत पोचत नाही. 1995 मध्ये अल्बर्टातून 14 आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियातून 17 लांडगे आणून तिथे सोडले. तेव्हापासून तिथला एक गट ओरडतोय की हे आमचे लांडगे नाहीत. आमचे लहान होते, बुजरे होते. हे कॅनडाचे, धिप्पाड, वेगळ्या उपजातीचे. जीवशास्त्रज्ञांचं उत्तर साधं आहे. लांडगा शेकडो किलोमीटर चालतो, मध्ये कुणी भिंत बांधली नव्हती, त्यामुळे दोन्हीकडचे लांडगे एकमेकांना तितके परके नव्हतेच.

मला त्या भांडणाचा हेवा वाटतो. बाहेरच्या लांडग्यामुळे मूळचा लांडगा संपेल ही भीती तिथे बरीचशी पोकळ आहे. आपल्याकडे ती खरी आहे, आणि आपण चकार शब्द काढत नाही. कारण आपल्याकडचा परका लांडगा शेपूट हलवतो.

कुत्रा. अनेक शास्त्रज्ञ त्याला लांडग्याचीच उपजात मानतात, कॅनिस ल्युपस फॅमिलिॲरिस. काही जण वेगळी जात धरतात. नावावर खुशाल वाद घाला. दोघांना मिळून पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात, यावर वाद नाही.

आता आपला लांडगा. विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1831 मध्ये दख्खनच्या प्राण्यांची यादी करताना त्याला पॅलिपेस हे नाव दिलं. म्हणजे शास्त्राच्या दप्तरी हा प्राणीच मुळी आपल्या माळावरून नोंदला गेलाय. 2021 मध्ये त्याचा जीनोम तपासला तेव्हा दिसलं की जगात आज जिवंत असलेल्या करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी ही एक आहे. कुत्रा त्याच्यापासून झालेला नाही. तो दुसरीकडच्या, आता नामशेष झालेल्या लांडग्यांपासून झाला आणि माणसामागून इथे आला.

आकडे बघा. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री 12 लाख 76 हजार. भारतीय वन्यजीव संस्थेच्या 2022 च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात लांडगे 396. एका लांडग्यामागे तीन हजारांहून जास्त कुत्री.

मी नाशिकमध्ये कोड लिहितो. आजोळ येवला तालुक्यात, ममदापूरच्या काळविटांच्या माळापासून जवळ. गेल्या डिसेंबरात मामाबरोबर पहाटे ओढ्याकडे गेलो होतो, तेव्हा पलीकडच्या काठावर एक जनावर उभं होतं. लांब पाय, करडं-तांबूस अंग, मान खाली. आम्हाला पाहिलं आणि न धावता दिसेनासं झालं. मी मोबाईल काढेपर्यंत तिथे फक्त कुसळी गवत होतं. मामा म्हणाला, "लांडगी असंल. पिल्लं असतील वर कुठंतरी." अर्ध्या किलोमीटरवर, कुणीतरी मेलेल्या कोंबड्या टाकलेल्या खड्ड्यापाशी, अकरा कुत्री मोजली. ती आम्हाला बघून हललीसुद्धा नाहीत.

फरक तिथेच होता. लांडगी वर्षातून एकदा वेते, हिवाळ्यात. नर आणि मागच्या वर्षीची मोठी पिल्लं शिकार करून येतात आणि पोटातलं मांस बिळापाशी ओकून बारक्यांना भरवतात. एका कळपाला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटर रान लागू शकतं: ससे, काळवीट, घुशी, आणि हो, मेंढ्यासुद्धा. रान कमी पडलं की कळप लहान राहतो. कुत्रीला हे बंधन नाही. ती वर्षातून दोनदा विऊ शकते, बापाचा बहुधा पत्ता नसतो, आणि त्यांची संख्या शिकारीवर ठरत नाही, आपल्या उकिरड्यावर ठरते. ढाब्याचं शिळं, पोल्ट्रीची मर, लग्नाच्या पत्रावळी. आपण माळावर फुकट कॅन्टीन उघडलंय आणि ते एकाच भिडूला चालतं.

वाघर लावून, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या बसवलेल्या एका धनगरबाबांना विचारलं, "बाबा, त्रास कुणाचा जास्त?" ते म्हणाले, "लांडगा एक उचलतो अन् जातो भाऊ. कुत्र्यांनी सात फाडली, खाल्लं एक बी नाही." (लांडगाही कधीकधी एकापेक्षा जास्त मारतो, तो संत आहे असं मला म्हणायचं नाही.) लांडग्याने मारलेल्या मेंढीला सरकारी भरपाई आहे. कुत्र्याने मारलेल्या मेंढीला नाही, कारण तो वन्यप्राणी नाही. मग नाव कुणाचं पुढे येत असेल?

आता मुख्य भीती. पुण्याजवळच्या माळावर काही वर्षांपूर्वी निरीक्षकांना कळपात विचित्र पिवळसर रंगाची जनावरं दिसली. नमुने बंगळुरूच्या प्रयोगशाळेत गेले, आणि लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोम अभ्यासातून पक्कं झालं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा असा मर्ज आहे ज्याला रोलबॅक नाही. लांडगे विरळ झाले, जोडीदार मिळेना, की उरलेला लांडगा समोर असेल त्याच्याशी जोडी करतो. बंदूक न उडवता, कुठेही प्रेत न पडता, एक जुनी शाखा पातळ होत जाते.

शिवाय रोग. इथिओपियाच्या बाले पर्वतात तिथल्या दुर्मीळ लांडग्यांमध्ये 2003 मध्ये रेबीज पसरला तो गुराख्यांच्या कुत्र्यांकडून. आपल्या 396 मध्ये अशी एक साथ आली तर?

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दिल्लीतल्या कुत्र्यांविषयीच्या आदेशांवरून देश दोन गटांत भांडला. मी दोन्ही बाजूंचं खूप वाचलं. लहान मुलांचे चावे होते, प्राण्यांचे हक्क होते, निवारे होते. माळ कुठेच नव्हता. जणू कुत्र्यांचा प्रश्न शहराच्या कमानीपाशी संपतो. तो तिथे सुरू होतो, हे मला माहीत आहे, कारण मी त्यात 200 रुपये घातलेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने वर्गणी काढून पार्किंगमधली सहा कुत्री एका टेम्पोतून "लांब मोकळ्यावर" सोडली. पकडलेलं कुत्रं नसबंदी, लसीकरण करून होतं तिथेच परत सोडायचं, हा नियम आहे. आम्ही कुणी तो वाचला नव्हता. टेम्पो सिन्नरच्या पुढे गेला, एवढंच कळलं. मोकळं म्हणजे रिकामं असं मीही धरून चाललो होतो, जसं सरकारी कागद माळाला पडीक म्हणतो.

यावर दोन उत्तरं येतात. पहिलं, गावठी कुत्रा इथे हजारो वर्षं आहे, मग आताच काय? खरंय, पण तेव्हा त्याला पोसायला महामार्ग आणि पोल्ट्री नव्हती, आणि लांडग्याकडे रान होतं. दुसरं, मग कुत्री मारा. नाही. माळावर विष टाकलं तर ते लांडगाही खातो, तरसही. शिवाय उकिरडा तसाच राहिला तर मोकळी जागा नवी कुत्री भरतात.

माझी मागणी कंटाळवाणी आहे. नसबंदी आणि लसीकरणाची पहिली फेरी गंगापूर रोडला नको, येवला, नांदगाव, सिन्नरच्या माळालगतच्या गावांत हवी. पोल्ट्रीची मर खड्ड्यात पुरलीच पाहिजे, नाहीतर दंड. कुत्र्याने मारलेल्या मेंढीलाही भरपाई, म्हणजे खोटं नाव लावायची गरज राहणार नाही. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. वाघाच्या जंगलाशेजारी आपण अकरा कुत्र्यांचा खड्डा चालवून घेतला असता का?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा निरोप आला. मागच्या गेटला नवी चार कुत्री, प्रत्येकी 200. मी लिहिलं की पैसे नसबंदीला देईन, टेम्पोला नाही. अजून एकच अंगठा आलाय, पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा.