एका मिलिमीटरची आजी

हॉबी विचारली की आपल्या पिढीची गोची होते. बायोडेटात ‘रीडिंग, म्युझिक, ट्रॅव्हलिंग’ लिहून आपण मोकळे होतो, आणि त्यातलं ट्रॅव्हलिंग म्हणजे विरार ते चर्चगेट! म्हणून या वेळचा फंडा जरा हटके. लाकडातून माणसाचा चेहरा काढायचा. हुबेहूब, ओळखू येईल असा. आणि छिन्नी-हातोडा न घेता, करवतीने.

माझा एक मित्र नालासोपाऱ्यात राहतो, अंधेरीला एका बॅक-ऑफिसात डोळे फोडतो आणि रविवारी सकाळी बाल्कनीत हे उद्योग करतो. नाव छापायचं नाही ही त्याची अट. ऑफिसात कळलं तर सगळे आपापल्या बॉसचा चेहरा करून मागतील म्हणे!

मशीनचं नाव स्क्रोल सॉ. दिसायला थेट शिलाई मशीनचं भावंड. दोन हातांमध्ये पाचेक इंचांचं एक बारीक पातं ताणून बसवलेलं असतं आणि ते खाली-वर खाली-वर करत राहतं. सुताराकडचा जिगसॉ आपण लाकडावर फिरवतो, इथे मात्र मशीन जागेवर आणि लाकूड आपण फिरवायचं. पातं इतकं नाजूक की रुपयाच्या नाण्याभोवतीचं वळणही आरामात घेतं. मधेच भोक पाडून पातं त्यातून ओवलं, की कडेला हात न लावता आतली जाळी कापता येते. देव्हाऱ्याच्या नक्षीची पाटी आठवा, तेच काम.

पण जाळी कापणं वेगळं आणि चेहरा वेगळा. चेहऱ्यासाठी जे तंत्र वापरतात त्याला इंटार्शिया म्हणतात. रंग द्यायचा नाही. वेगवेगळ्या झाडांच्या लाकडाचे तुकडे कापायचे, प्रत्येकाला घासून गोलाई द्यायची आणि जिगसॉ पझलसारखे प्लायवर चिकटवायचे. गोरेपणा, सावली, केस, ओठ, सगळं लाकडाच्या मूळ रंगातून आणायचं. पंधराव्या शतकात इटलीतल्या उर्बिनोच्या महालात सरदार फेदेरिको दा माँतेफेल्त्रोची अभ्यासिका अशा लाकडी चित्रांनी मढवली, आणि त्यात तो स्वतःही आहे, लाकडाचाच. ते काम सपाट. हल्लीच्या इंटार्शियात तुकडे जाड असतात आणि कमी-जास्त उंचीचे. म्हणजे नाक खरोखरच वर येतं.

आमच्या हिरोकडचा माल मात्र लोकल. शिसमाचे तुकडे एका फर्निचरवाल्याच्या भंगारातले. सागवान एका पाडलेल्या घराच्या चौकटीचं. पांढुरकं पाईन वालिवच्या इंडस्ट्रियल एरियातल्या पॅकिंगच्या खोक्यांचं. आणि फणस आगाशीच्या वाडीतला, कारण आजी आगाशीची आणि चेहराही आजीचाच.

मी विचारलं, ‘अरे, पहिल्याच झटक्यात आजी? एखादी हिरॉइन घ्यायची की!’

तो म्हणाला, ‘हिरॉइन जमणार नाही. सुरकुत्या नाहीत ना तिला.’

मला आधी जोक वाटला. पण गंमत बघा. या कामात दोन तुकडे जिथे भेटतात तिथे रेघ दिसतेच. कितीही सफाईने कापा, सांधा डोळ्याला कळतो. विशीतल्या मुलीच्या गुळगुळीत गालावर ती रेघ म्हणजे थेट वार. म्हणून मग गाल, कपाळ, हनुवटी एकाच अखंड लाकडातून काढा आणि बसा तासन् तास घासत. म्हाताऱ्या माणसाचं बरं. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, डोळ्यांखाली, भुवयांच्या मधे वयाने रेघा आधीच आखलेल्या असतात. पातं तिथूनच फिरवायचं. सांधा लपतो आणि सुरकुती बनतो. कपाळाला त्याने सागवान घेतलं, तेही शिरा आडव्या येतील असं. त्या शिरांचंच कपाळ झालंय, एकही आठी त्याने कापलेली नाही. क्या बात है!

पुढचं सगळं पेशन्सचं काम. पातं टेबलाला बरोब्बर काटकोनात हवं. जरा तिरपं झालं की तुकड्याचं वरचं तोंड जुळतं आणि खालचं अडतं. डोळ्यांच्या खोबणीचे तुकडे पातळ, नाकाखाली मात्र प्लायची पट्टी घालून ते उचलायचं. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने बाण, लाकडाच्या शिरा कुठल्या दिशेने धावणार ते सांगणारा. शिसम घासताना मास्क मस्ट, ती धूळ कित्येकांना बाधते. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी गोड बोलणं, हेही मस्ट.

सगळ्यात छळतात डोळे. झाड दोन मिलिमीटर सरकलं तरी झाडच राहतं. माणसाच्या डोळ्याची कड एक मिलिमीटर सरकली की तो दुसराच माणूस. आपला मेंदू चेहऱ्यांच्या बाबतीत भलताच चिकित्सक आहे, गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर शंभर डोक्यांतून आपलं माणूस तो क्षणात उचलतो. त्यामुळे त्याला फसवणं महाकठीण. मित्राने आजीचा डावा डोळा चार वेळा कापला. तिसऱ्या खेपेला तो म्हणे हुबेहूब आत्याचा झाला होता.

इतकी घाई कशाला, हे मला नंतर कळलं. आजीला काचबिंदू आहे. या डोळ्यांच्या आजारात गेलेली नजर परत येत नाही, औषधांनी उरलेली तेवढी जपता येते. आजीला आता उजेड-अंधार कळतो, दारात कोणी उभं आहे हे कळतं. कोण, ते आवाजावरून. आरशात स्वतःला बघून तिला दोनेक वर्षं झाली. फोटोची फ्रेम तिच्या हातात दिली तर ती नुसती काच. लाकडी चेहरा हाताला लागतो.

आता हे लिहिताना मला आपल्या वसईचाच एक माणूस आठवतोय. संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला, जपानपर्यंत गेलेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झालेला. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे, वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. नागासाकीत १९६२ साली शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी त्या सव्वीस जणांच्या ब्राँझच्या आकृती उभ्या केल्या, त्यातही तो आहे. पण चेहरा? कॅमेरा यायला तेव्हा अडीचशे वर्षं बाकी होती. मूर्तीत, शिल्पात, तसबिरीत दिसतो तो करणाऱ्याच्या मनातला गोन्सालो, आणि भाविकांना तो ओळखीचा वाटतो. चुकलं म्हणायला कोणी हयातच नाही ना! आजी मात्र हयात आहे. तीही खमकी.

गेल्या रविवारी आम्ही विरारहून रिक्षाने आगाशीला गेलो. मांडीवर जाड चादरीत गुंडाळलेली आजी, समोर ओटीवर बसलेली आजी. त्याने पाट पुढे केला. ती आधी बोलली नाही. दोन्ही तळवे केसांच्या पाईनवरून फिरवले, मग कपाळ, मग भुवया. डोळ्यांपाशी बोटं थांबली आणि भरभर पुढे गेली. गालाचा फणस तिने दोनदा चाचपला.

‘हा आपल्या वाडीतला?’

‘हो, आजी. आत्ता पिवळा आहे. उजेडाने हळूहळू तांबूस होत जाईल.’

‘म्हणजे उन्हात रापणार. बरं आहे.’

मग नाक. शेंड्यापासून वर, परत खाली, मग डावी नाकपुडी. तिथेच अंगठा घुटमळत राहिला.

‘बाळा, हे नाक माझं नव्हे.’

मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मधे पडले, ‘आजी, अगदी तुमच्यासारखंच दिसतंय हो.’

‘तुला दिसतंय गं. माझं नाक आठव्या वर्षी टोचलंय. ह्याला भोक कुठाय?’

फोटोत नथ नव्हती, भोक दिसत नव्हतं, म्हणून त्याच्या पॅटर्नमध्येही नव्हतं. पण नाकाचा तुकडा त्याने अजून चिकटवलेला नव्हता. त्याने तो उचलून खिशात टाकला आणि एक मिलिमीटरचा ड्रिल बिट आगाशीच्या बाजारात मिळेल का ते विचारायला निघाला. आजीने मागून हाक मारली, ‘भोक जरा मोठं पाड, नथ अडकली पाहिजे त्यात. मोत्यांची आहे माझी, खोटी नाही!’