विश्लेषण : गोळीबाराचा व्हिडिओ मुलांनी पुन्हा पुन्हा पाहिला तर?

२ फेब्रुवारी २०२४ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. सीसीटीव्ही चित्रण लगेच मोबाइलवर फिरू लागले.

‘तो तिथे नव्हताच, मग त्याला काय होणार?’ असे पालकांना वाटते. मात्र २०१३च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर रोज सहा तासांहून अधिक वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला. इथे तर रस्तेही मुलांच्या रोजच्या ओळखीचे.

झोप न लागणे, दचकणे, चिडचिड हे सुरुवातीला स्वाभाविक आहे. महिनाभर टिकले तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झाल्याचे मूल बोलले तर त्याच दिवशी. ‘काय पाहिलंस?’ असे खोदून विचारू नका. जबरदस्तीने बोलते करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. शेजारी बसा, बोलला तर ऐका. शाळा, क्लास, खेळ सुरू ठेवा. ‘टेली-मानस’ची १४४१६ हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलांना सांभाळा’ असे लिहून तोच व्हिडिओ कोणी टाकला, तर ॲडमिनने तो तिथेच डिलीट करावा. काका रागावले तरी चालेल.